ओळखीचा आवाज, अनोळखी फाइल

पुणे-दौंड लोहमार्गावरच्या केडगावात राहून मी ध्वनिमुद्रणं तपासते. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन, बेटावरचे नारायण महाराज आणि गुऱ्हाळांचा गूळ ही आमच्या गावाची ओळख. इथे बसून असलं काम चालेल असं कुणाला वाटलं नसतं. पण प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आला आणि बांधाच्या भांडणापासून विसाराच्या व्यवहारापर्यंत सगळीकडे ‘माझ्याकडे रेकॉर्डिंग आहे’ हे वाक्य शिरलं. दौंडच्या कोर्टातले वकील येतात, कधी थेट पक्षकारच पेनड्राइव्ह मुठीत धरून येतो. या कामाने मला जे शिकवलं ते क्रमाने मांडते. क्रम महत्त्वाचा आहे असं मात्र नाही.

१.
आवाज ओळखता आला म्हणजे रेकॉर्डिंग खरं ठरत नाही. येणारा जवळजवळ प्रत्येकजण आधी हेच सांगतो, “ताई, आवाज त्याचाच हाय, ल्हानपणापासून ऐकतोय.” बहुतेकदा ते खरंही असतं. पण आवाज त्याचा असला तरी वाक्य त्याचं असेलच असं नाही. आपल्या मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘जमीन मी विकली नाही’ यातला शेवटचा शब्द कापला, की त्याच माणसाच्या तोंडून, त्याच्याच आवाजात विक्रीची कबुली तयार. कापणाऱ्याला फार कौशल्यही लागत नाही. त्याला एक गोष्ट मात्र सहसा लपवता येत नाही. वाक्य संपताना आपला आवाज खाली उतरतो. ‘विकली’नंतर ‘नाही’ यायचं असेल तर ‘विकली’वर तो तसा उतरत नाही, पुढच्या शब्दाची वाट पाहत वरच राहतो. आलेखावर ती अर्धवट राहिलेली चढण दिसली, की मी पुढचं सगळं तपासायला घेते. एवढ्यावरून निष्कर्ष काढत नाही. काही माणसं तशीच तुटक बोलतात.

२.
छेडछाडीची ही शंका मोबाईलने आणलेली नाही, ती आपल्या मुंबईतच जुनी झाली आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली निकाल दिलेल्या युसुफअली इस्माईल नागरी खटल्यात महापालिकेच्या कारकुनाला लाच देऊ केल्याचा आरोप होता. बाहेरच्या खोलीत मायक्रोफोन दडवला होता आणि आतल्या खोलीत पोलिसांसोबत रेडिओ मेकॅनिक टेपरेकॉर्डर घेऊन बसला होता. टेप ग्राह्य धरली गेली, पण ती सीलबंद केलेली नव्हती. सील नसलं की छेडछाडीची शंका साहजिकच निघते आणि म्हणून असा पुरावा सावधपणे घ्यायला हवा, हे न्यायालयाने तेव्हाच लिहून ठेवलं. पुढे मुंबईचे तत्कालीन कॉरोनर आर. एम. मलकानी यांच्या खटल्यात, १९७२ मध्ये, कसोट्या आणखी नेमक्या झाल्या. संभाषण वादाच्या मुद्द्याशी संबंधित हवं, आवाज कुणाचा ते पटायला हवं आणि टेपवरचं काही पुसलेलं नाही याची खात्री व्हायला हवी. अर्ध्या शतकानंतर यंत्रं पार बदलली, पण माझ्या प्रत्येक तपासणीत तेच तीन प्रश्न असतात. लोक माझ्याकडे येतात ते दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर घेऊन. तिसरा त्यांच्या मनातही आलेला नसतो.

३.
टेपवर खाडाखोडीची खूण राहायची, डिजिटल फाइलमध्ये ती वेगळ्या जागी शोधावी लागते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या २० जून १९७२ च्या टेपमध्ये साडेअठरा मिनिटांचा केवळ घरघराट होता. तज्ज्ञांच्या समितीने टेपवरच्या चुंबकीय खुणा पाहून १९७४ मध्ये सांगितलं, की तो भाग निदान पाच वेगवेगळ्या वेळा पुसला गेला आहे. यंत्राचं पुसणारं हेड थांबलं की टेपवर ठसा सोडत असे. मोबाईलच्या फाइलवर असा ठसा नसतो, पण फाइलच्या पोटात बरंच लिहिलेलं असतं. एमपी४ जातीच्या फाइलमध्ये निर्मितीची वेळ १ जानेवारी १९०४ पासूनच्या सेकंदांत नोंदलेली असते आणि नियमाप्रमाणे ती ग्रीनिच वेळ असते. म्हणून रात्री साडेनऊचं बोलणं फाइलमध्ये दुपारी चारचं दिसतं. हा साडेपाच तासांचा फरक पाहून ‘बघा, खोटं आहे’ असं मोठ्याने सांगणारे भेटतात. तो फरक असणं हेच तिथे बरोबर असतं. एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडून पुन्हा साठवली तर त्याचं नाव कधी आत राहून जातं. फोनने एकदा दाबून (कॉम्प्रेस करून) साठवलेला आवाज दुसऱ्यांदा दाबला गेला तर त्या दुहेरी दाबाच्या खुणाही आकड्यांमध्ये उमटतात.

व्हॉट्सॲपवरून आलेली फाइल मात्र मला हतबल करते. तिथे तिला नवं नाव मिळतं, नावातली तारीख ती मिळाल्याची असते, मूळ बोलण्याची नसते. त्याहून वाईट म्हणजे एका मोबाईलच्या स्पीकरवर वाजवून दुसऱ्यावर पुन्हा रेकॉर्ड केलेली क्लिप. तिच्यात दोन खोल्यांचा घुमार एकमेकांत मिसळलेला असतो आणि पहिल्या फाइलबद्दल सांगण्यासारखं जवळजवळ काहीच उरत नाही.

४.
बोलणाऱ्यांनी ज्याकडे लक्षच दिलेलं नसतं, ते मला सर्वांत उपयोगी पडतं. आमच्याकडे कुठलंही संभाषण एकटं नसतं. मागे गुऱ्हाळाचा चरखा चालू असतो, चौफुल्याच्या रस्त्यावरून उसाची वाहनं जात असतात, स्टेशनाजवळ गाडीचा भोंगा वाजतो. माणूस थांबतो, श्वास घेतो, पण भोंगा त्याच्यासाठी थांबत नाही. जवळ येणाऱ्या गाडीचा भोंगा चढा ऐकू येतो आणि ती पुढे गेली की उतरतो. तो उतार बोलण्याच्या मागे सलग असला तर तेवढा तुकडा अखंड असण्याची शक्यता वाढते. मध्येच भोंग्याने उडी घेतली तर शब्द कितीही सुरळीत ऐकू येवोत, तिथे थांबून पाहायलाच हवं.

याहून मोठी थक्क करणारी गोष्ट विजेची. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ म्हणतात, पण ती अगदी ५० वर कधीच स्थिर नसते. मागणी वाढली की किंचित खाली, घटली की किंचित वर, क्षणाक्षणाला सरकत राहते. ट्यूबलाइटचा चोक, पंखा, फ्रिज, रोहित्र यांची गुणगुण त्याच तालावर चालते आणि रेकॉर्डिंगमध्ये हळूच येऊन बसते. रुमानियाचे कातालिन ग्रिगोरास यांनी या चढउताराचा उपयोग रेकॉर्डिंगची वेळ शोधण्यासाठी करता येतो, हे दाखवलं. वीज वितरणाचा तोल सांभाळणारी भारप्रेषण केंद्रं ही वारंवारता सतत नोंदवतात. गुणगुणीचा आलेख त्या नोंदीशी जुळवला तर बोलणं कधीचं ते कळू शकतं आणि मधला तुकडा काढला असेल तर आलेख तिथे तुटतो.

यात आपल्या भागाचाही वाटा आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वीजवाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचं विजेचं जाळं उरलेल्या देशाशी एका तालात आलं. तेव्हापासून केडगावच्या ट्यूबलाइटची गुणगुण आणि मदुराईतली गुणगुण एकाच क्षणी सारखीच सरकते. म्हणूनच ती वेळ सांगू शकते, ठिकाण सांगू शकत नाही. आणि भारनियमनात इन्व्हर्टरवर झालेलं बोलणं असेल, किंवा रात्री पाणी द्यायला गेलेल्या माणसाने मोकळ्या रानात केलेलं रेकॉर्डिंग असेल, तर तिथे जाळ्याची गुणगुण नसतेच. पुस्तकातली ही सुंदर पद्धत आमच्या तालुक्यातल्या निम्म्या भांडणांना लागू पडत नाही, कारण ती भांडणं शेतात होतात.

५.
आधी लिहिलेलं वाचून मग ऐकलं तर कान लिहिलेलंच ऐकतो. साधा कॉल ३००० ते ३४०० हर्ट्झच्या पुढचा आवाज कापून टाकतो. ‘स’चा जोर त्याच्या वर असतो, त्यामुळे फोनवर ‘स’ आणि ‘फ’ एकमेकांत मिसळतात. एवढ्या पोकळीत मन हवं ते भरतं. न्यूझीलंडमध्ये डेव्हिड बेन या माणसाने १९९४ साली मदतीसाठी केलेल्या फोनमध्ये धापांच्या मध्ये काही अस्पष्ट आवाज आहेत. कित्येक वर्षांनी एका पोलीस अधिकाऱ्याला त्यात गोळी घातल्याची कबुली ऐकू आली. न्यायालयाने फेरखटल्याआधी तो भाग वगळायला लावला. पुढे हेलन फ्रेझर आणि सहकाऱ्यांनी तोच तुकडा सामान्य लोकांना ऐकवला. सुचवण्याआधी कबुली कुणाला ऐकू येत नव्हती, सुचवल्यावर अनेकांना येऊ लागली.

हे वाचल्यापासून मी पक्षकाराने दिलेला लेखी मसुदा बाजूला उलटा ठेवते आणि आधी स्वतः ऐकते. लोकांना राग येतो. “त्यात सगळं लिहिलंय की ओ ताई.” आपल्याकडेही संजयसिंह चव्हाण विरुद्ध दत्तात्रय फाळके या महाराष्ट्रातल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये हाच धागा पकडला. मूळ रेकॉर्डिंगच ऐकू येत नसेल आणि त्याची तपासणी होऊ शकत नसेल, तर त्याच्या लिखित भाषांतरावर विसंबण्यात अर्थ नाही. पुराव्याचा उगम आणि त्याचा अस्सलपणा, या दोन गोष्टींवर सगळं उभं राहतं.

६.
‘आवाज जरा साफ करून द्या’ ही विनंती निरुपद्रवी नाही. खरखर काढताना तिच्याखालचे शब्दही विरतात आणि क्वचित नसलेले शब्द उगवल्यासारखे वाटतात. मी सफाई करते ती प्रतीवर. मूळ फाइलला हात लावत नाही.

७.
माणसाचा आवाज बोटाच्या ठशासारखा नसतो. तसा तो असल्याचा दावा लॉरेन्स कर्स्टा यांनी १९६२ साली केला आणि तो जगभर लोकप्रिय झाला. पण १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने सांगितलं, की प्रत्यक्ष तपासातल्या परिस्थितीत या पद्धतीच्या अचूकतेला पुरेसा आधार नाही. बोटाचा ठसा सर्दीने बदलत नाही. आवाज सर्दीने, रागाने, दारूने, वयाने आणि समोर कोण आहे त्यानेही बदलतो. वहिनीशी बोलणारा माणूस आणि तलाठ्याशी बोलणारा तोच माणूस यांच्या सुरांत केवढं अंतर असतं! निलेश दिनकर पराडकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये आवाज ओळखल्याच्या पुराव्याबद्दल फार सावध राहायला सांगितलं आणि आरोपीची सुटका झाली. नमुना घ्यायचा तर तो नीट घ्यायला हवा. २ ऑगस्ट २०१९ च्या रितेश सिन्हा निकालाने आवाजाचा नमुना देण्याचा आदेश न्यायदंडाधिकारी देऊ शकतात हे स्पष्ट झालं, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तशी तरतूदही आली. तरी कागद समोर धरून वाचलेलं वाक्य आणि बांधावर ओरडलेलं वाक्य यांची तुलना कठीणच राहते.

८.
घरच्या माणसाचा कानही आता पुरत नाही, हे मान्य करायला मला सर्वांत जड गेलं. १९ नोव्हेंबर २०२४ ची संध्याकाळ इकडच्या लोकांच्या लक्षात असेल. दुसऱ्या दिवशी विधानसभेचं मतदान होतं आणि बिटकॉइनच्या पैशांबद्दलच्या ध्वनिफिती बाहेर आल्या. त्यांतले आवाज बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे आणि काँग्रेसचे नाना पटोले यांचे असल्याचा दावा होता. आमचा दौंड तालुका त्याच बारामती लोकसभा मतदारसंघात. सुळे यांनी तो आवाज आपला नसल्याचं सांगून तक्रार केली, पटोले यांनीही इन्कार केला. सुळे यांचे चुलत भाऊ आणि तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी मात्र दोघांचेही आवाज आपण ओळखतो, असं जाहीरपणे म्हटलं. बूम या तथ्यतपासणी संस्थेने त्या फिती कृत्रिम आवाज शोधणाऱ्या साधनातून तपासल्या, तेव्हा बहुतेक फिती यंत्राने बनवलेल्या असण्याची दाट शक्यता निघाली.

राजकारण बाजूला ठेवते. मला हलवून टाकणारी गोष्ट वेगळी आहे. भावाने बहिणीचा आवाज ओळखण्याचा दाखला एका बाजूला आणि यंत्राचा अंदाज दुसऱ्या बाजूला, अशी वेळ आली. जुन्या जगात भावाच्या कानापुढे कुणाचं काही चाललं नसतं. ही साधनंही शक्यताच सांगतात. ज्या तऱ्हेचे बनावट आवाज त्यांनी शिकताना ऐकले, ते त्यांना ओळखता येतात. नव्या तऱ्हेचा आला, किंवा आवाज फॉरवर्ड होऊन चुरगळला, की त्यांचाही अंदाज ढळतो. आणि फसवणुकीची दुसरी बाजू तितकीच वाईट आहे. खरोखर बोललेला माणूसही आता ‘एआय आहे’ म्हणून हात झटकतो. म्हणून माझ्या टेबलावर आवाजापेक्षा मूळ फोनचं महत्त्व वाढत चाललं आहे.

९.
कागदपत्रांची किचकट बाजू ही खरी तर सामान्य माणसाची ढाल आहे. सिन्नरच्या निवडणुकीतून उभ्या राहिलेल्या तुकाराम दिघोळे विरुद्ध माणिकराव कोकाटे वादात पुरावा म्हणून दिलेली कॅसेट निवडणूक आयोगाच्या दप्तरातली होती. तेवढ्याने भागत नाही, ती कुठून आणि कशी मिळाली याचा भक्कम पुरावा हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये म्हटलं. जालन्याच्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या वादात निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातलं चित्रीकरण होतं, २९६ मतांनी ठरलेली निवडणूक होती आणि वारंवार मागूनही अधिकारी प्रमाणपत्र देत नव्हते. १४ जुलै २०२० च्या निकालाने इलेक्ट्रॉनिक प्रतीसोबत प्रमाणपत्र अनिवार्य ठरवलं. पण मूळ यंत्रच मालकाने साक्षीला येऊन हजर केलं तर त्याची गरज नाही, आणि कुणी प्रमाणपत्र अडवून धरलं तर न्यायालयाकडे मागता येतं, हेही सांगितलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्राचे दोन भाग झाले, एक पक्षकाराचा आणि एक तज्ज्ञाचा. त्यात फाइलचं हॅश मूल्य लिहावं लागतं.

हॅश म्हणजे फाइलमधल्या सगळ्या आकड्यांवरून गणिताने काढलेली अक्षरमाळ. एसएचए-२५६ पद्धतीत ती ६४ अक्षरांची असते आणि फाइलमधला एक कणही बदलला तरी पूर्ण वेगळी येते. लोकांना वाटतं की हॅश काढला म्हणजे क्लिप खरी झाली. हॅश फक्त एवढंच सांगतो, की काढल्या क्षणापासून फाइल बदललेली नाही. त्याआधी काय झालं त्याला माहीत नसतं. म्हणून तो जितक्या लवकर काढाल तितकं बरं.

१०.
‘खरी आहे’ असं माझ्या अहवालात कधीच नसतं. ‘उपलब्ध पद्धतींनी छेडछाडीच्या खुणा आढळल्या नाहीत’ हे माझं सर्वांत जोरकस वाक्य. ते वाचून माणसाचा चेहरा पडतो, त्याला शिक्का हवा असतो. पण २०११ साली ज्येष्ठ वकील शांतिभूषण यांच्या नावाने फिरलेल्या सीडीबद्दल सरकारी प्रयोगशाळेने छेडछाड नसल्याचं सांगितलं होतं आणि हैदराबादच्या एका खासगी प्रयोगशाळेने ती जोडलेली असल्याचं. तज्ज्ञ इतके वेगळे बोलू शकतात, तेव्हा शिक्क्यापेक्षा मर्यादा स्पष्ट लिहिणं मला अधिक प्रामाणिक वाटतं.

११.
या कामात दुसऱ्यांच्या घरातलं फार ऐकावं लागतं. वाटणीच्या दोन वाक्यांसाठी आईचा हुंदका, पोराची शाळेची फी, सुनेवरचा राग, सगळं कानावर येतं. ज्या माणसाचा आवाज मी तपासते त्याने मला कधी परवानगी दिलेली नसते. मुद्द्याबाहेरचं मी कुठे लिहीत नाही आणि बोलत नाही. तेवढंच माझ्या हातात आहे.

तुमच्यापैकी कुणाकडे असं रेकॉर्डिंग असेल तर एक कळकळीची विनंती. ज्या फोनवर ते झालं तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, एक्स्चेंजला देऊ नका. फाइलचं नाव बदलू नका, नकोसा भाग कापून सोयीची करू नका, गावच्या ग्रुपवर तर अजिबात टाकू नका. कोण, कुठे, किती वाजता बोललं आणि वीज होती की नव्हती, हे वहीत लिहून ठेवा. मग फोन घेऊन वकिलाकडे जा, आणि लवकर जा.